केतकीचा शनिवार

"हात सोडा बाई. तुमच्या हाताचं वजनबी धरतोय त्यो काटा," केतकी म्हणाली.

मी हात सोडला. भुशाची पोती तोलायचा काटा तो. त्यावर केतकी चाकाच्या खुर्चीसकट बसलेली. डॉक्टर मृणाल वाकून सुई बघत होत्या, केतकीची आई सुगंधा पदराचं टोक दातात धरून उभी होती आणि मैना घोडी शेजारी मान खाली घालून डुलक्या काढत होती. खुर्चीचं वजन वजा केलं की केतकीचं वजन. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हा कार्यक्रम असायचा.

"बेचाळीस," डॉक्टर म्हणाल्या. "चक्क कमी झालंय!"

"शाब्बास गं वाघिणी!" मी ओरडले आणि तिच्या पाठीत थाप मारली. केतकी अशी हसली, की मैनेनं एक डोळा उघडून बघितलं. सुगंधा मात्र हसली नाही. पदर दातातच होता.

हे सगळं पन्हाळा रोडला आत वळून असलेल्या त्या केंद्रात. ज्या पोरांचे पाय चालत नाहीत, मान धरत नाही, त्यांना तिथं घोड्यावर बसवून हळूहळू फिरवायचे. घोड्याच्या अंगाची ऊब आणि चालीचा झोका लागला, की ताठरलेले पाय सैल पडतात. मला आधी हे सगळं थोतांड वाटलं होतं. मी मुलींच्या शाळेत जन्मभर ड्रिल घेतलेली बाई. रिटायर झाल्यावर घरात बसून काय भिंतींना सावधान-विश्राम करायचं? म्हणून गेले आणि तिथलीच झाले. माझं काम घोड्याच्या बाजूनं चालायचं, पोराच्या मांडीवर हात आडवा ठेवून. दुसऱ्या बाजूला आणखी कोणीतरी आणि पुढं दोर धरून दस्तगीर मोतद्दार.

मैना दस्तगीरचीच. त्याच्याकडनं केंद्रानं ती घोडी घेतली आणि घोडीबरोबर तोही आला. पूर्वी ती वरातीत नवरदेव मिरवायची. कानाशी बँड, पायाशी फटाके, पाठीवर घाम फुटलेला नवरा. त्यातून गेलेली घोडी पोरांच्या किंचाळण्याला काय भीक घालणार? दस्तगीर येईल त्याला सांगायचा, "हिच्यावरनं एकबी नवरदेव पडला न्हाई. फुडं संसारात पडले असतील, ती जबाबदारी आमची न्हाई."

आणि केतकी मैनेची लाडकी, का मैना केतकीची, ते देवाला ठाऊक. पोरगी बोलायला तिखट. शब्द थोडे जड यायचे, पण एकदा कान सरावला की अस्सल कोल्हापुरी. पहिल्यांदा घोडीवर बसवली तेव्हा इकडंतिकडं बघून म्हणाली होती, "आई, खालनं मला समद्यांची नुसती पोटं दिसत्यात. हितनं टाळकी दिसत्यात की गं." मग काय, दर शनिवारी आमच्या टाळक्यांची हजेरी. बाई, तुमचा भांग वाकडा. दस्तगीरचाचा, तुम्हाला टक्कल पडाय लागलंय. डॉक्टर, कोंडा झालाय तुम्हाला. पुण्याच्या डॉक्टरीणबाई, पण केतकीपुढं मुकाट डोक्यावरनं हात फिरवायच्या.

वजनाचा नियम चांगलाच होता, हे आधी सांगते. पंचेचाळीसच्या वर गेलं की घोड्यावर बसणं बंद. घोडी लहानखुरी, आणि मुख्य म्हणजे काही झालंच तर बाजूच्या दोघींना ते मूल झटक्यात खाली घेता आलं पाहिजे. केतकीला तेरावं लागलं होतं, अंगानं भरत होती. उन्हाळ्यात काटा चव्वेचाळीसच्या पुढं सरकला तेव्हा डॉक्टरांनी सुगंधाला बाजूला घेऊन सांगितलं, "दिवाळीपर्यंत बसेल ती फार तर. मनाची तयारी करा." बाजूला म्हणजे कुठं, तर कुंपणापाशी. केतकीचे पाय कामातून गेले होते, कान नव्हते.

त्यानंतर वजन वाढायचं थांबलं आणि मग उतरायलाच लागलं. आम्ही सगळे खूश. मी तर फारच.

त्या बेचाळीसच्या शनिवारी केतकी दोन फेऱ्या जास्त बसली. उतरल्यावर नेहमीसारखी आईला म्हणाली, "तू चहा घे जा. मी मैनेजवळ बसतो." आमच्याकडं पोरीबायाही बसतो, येतो म्हणतात. "बसते, येते" म्हणणाऱ्या एकट्या आमच्या डॉक्टरीणबाई. आम्ही सगळे पडवीत चहाला बसलो. निघताना मैनेच्या कानाशी तोंड नेऊन प्रत्येक पोरानं "येतो" म्हणायचं, ही तिथली रीत. ती मीच पाडलेली. एखादं पोर "जातो" म्हणालं की मी लांबनं ओरडायची, "जातो न्हाई, येतो म्हणावं!" जातो म्हणून निघालेलं माणूस परत येत नाही, असं माझी आई म्हणायची. केतकीला कधी सांगावं लागलं नाही. तिचं "येतो" फाटकापर्यंत ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दस्तगीरचा फोन आला. "बाई, लवकर या. मैना लोळाय लागलीया."

जाऊन बघते तर घोडी घामानं निथळत होती. पोटावर लाथा मारत होती, खाली पडत होती, उठत होती. पोटशूळ. दस्तगीर तिला ओढून ओढून फिरवत होता, कारण घोडं अशा वेळी लोळलं तर आतडं पिळतं. जनावरांचे डॉक्टर आले, नाकातनं नळी घालून औषध सोडलं. आम्ही दोघं आळीपाळीनं तिला फिरवत राहिलो. दिवस कलला तेव्हा तिनं लीद टाकली आणि दस्तगीर तिथंच मातीत बसून रडायला लागला. मीही रडले. खोटं कशाला बोलू?

"बुरशीचं काहीतरी पोटात गेलंय," जनावरांचे डॉक्टर हात धुताना म्हणाले. "शिळं, आंबलेलं. कोण घालतं खायला?"

खायला घालायचं काम दस्तगीरचं. दुसऱ्या कुणाचा हात दाण्याच्या पिंपाला लागत नव्हता. डॉक्टर मृणालनी काही म्हणण्याआधीच संस्थेच्या मोठ्या लोकांचा फोन आला. मंगळवारी बैठक, तोपर्यंत दस्तगीरनं घोडीच्या जवळ जायचं नाही. एके काळची त्याची स्वतःची घोडी, आणि तिच्याजवळ जायचं नाही!

"माझ्या हातनं न्हाई झालं बाई," तो म्हणाला. "पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

माझा विश्वास होता. पण विश्वासानं बैठका चालत नाहीत.

सोमवारी मी सुगंधाच्या खानावळीत गेले. म्हटलं, घोडी आजारी आहे, शनिवारचं आधीच सांगितलेलं बरं. दुपारची गर्दी सरलेली. सुगंधा तव्यापुढं बसून भाकऱ्या थापत होती. मला बघून उठलीच नाही, म्हणाली, "बसा बाई. एक विचारायचं हुतं तुम्हाला. पोरगी ताटातलं समदं संपवती. चाटूनपुसून ताट. तरी वाळत चाललीया. परवा रक्त तपासून आणलं, त्यात काय न्हाई म्हणत्यात. मग जातंय कुठं? अख्ख्या गावाला मी जेवू घालतो आणि माझ्याच पोरीच्या अंगाला लागंना."

तिचे डोळे भरून आले. पिठाचे हात, त्यामुळं पुसताही येईनात.

मी आतल्या खोलीत गेले. केतकी खिडकीशी खुर्चीत. मैनेचं सांगितलं तशी तिचं तोंड पांढरं पडलं.

"मैना मरंल, बाई?"

"मरत न्हाई. आज उभी हाय, पाणी प्याली. दोन-चार दिवसांत चालंल-फिरंल. पण दस्तगीरचं काय खरं न्हाई. त्यानं काहीतरी शिळं घातलं म्हणत्यात. उद्या बैठक हाय. काढतील त्याला."

खुर्चीच्या पाठीला तिची कापडी पिशवी लटकलेली असायची, रंगाचे खडू, पाण्याची बाटली ठेवायची. त्या पिशवीच्या तळाशी मुंग्यांची रांग लागली होती. मी पिशवी काढली. आत खडूंच्या खाली फडक्यात भाकरीचे तुकडे. वरचे बरे होते, खालच्यांवर हिरवी बुरशी. आंबूस वास आला.

"चाचांनी न्हाई घातलं," केतकी खाली बघत म्हणाली.

"केतकी!"

"आठवडाभर साठवायचो. शनिवारी मैनेला द्यायचो. तिला आवडती भाकरी. मला काय ठावं तिला बाधती म्हणून?"

"अगं पण तू खायचंस ते!"

"खाऊ?" तिनं वर बघितलं. "खाऊ, आणि पंचेचाळीस होऊ? मग तुम्हीच उतरवणार मला."

बाहेर तिच्या आईचे भाकरी थापल्याचे आवाज येत होते.

मग ती हलक्या आवाजात बोलली. तिखटपणा सगळा गेला होता. "बाई, उद्या सांगू नका. शनिवारी एकदा बसतो. शेवटचं. शेवटचं हाय ते मला ठावं असंल, तसं बसतो. खाली उतरलो की मीच सांगतो डॉक्टरांना, माझ्या तोंडानं. आईलापण मीच सांगतो. एकच शनिवार."

"आणि उद्या दस्तगीरला काढलं तर?"

"शनिवारी परत घेतील की. मी सांगितल्यावर."

"आणि तोवर तू जेवणार?"

"शप्पत जेवतो. आजपासनं. दोन-दोन भाकऱ्या खातो, बघा तुम्ही."

मी उठले. "बघतो," म्हणाले. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. पण तिच्या तोंडावर हसू उमटलं. "बघतो"चा तिनं हो धरला, आणि तिनं तो तसा धरला हे मला दिसलं होतं.

कोपऱ्यावर आले, रिक्षा केली आणि थेट केंद्रावर जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं.

मी चूक केली असं मी आजही म्हणणार नाही. एका गरीब माणसावर चोरीसारखा आळ, दुसरीकडं एक पोर उपाशी, आणि मी तोंडाला कुलूप लावून शनिवारची वाट बघू? कुणीही शहाणं माणूस तेच करील. डॉक्टर मृणालनाही तेच वाटलं. "ज्याच्यापायी मूल उपाशी राहतं ती थेरपी कसली?" त्या म्हणाल्या. "आणि अशा अशक्त अंगानं ती घोड्यावर बसत होती! पडली असती तर? नाही, आता नाही. एकदाही नाही." मी मान हलवली. एक शनिवार मागतेय ती, एवढं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्या आधीच फोन लावायला उठल्या. त्यांनी सुगंधाला फोन केला. बैठक रद्द झाली. दस्तगीर मैनेच्या गळ्यात पडला. सगळं कसं सरळ झालं.

शनिवारी सुगंधा पोरीला घेऊन आली, मैनेला नुसतं भेटायला. रिक्षातनं खुर्ची उतरवली. केतकी घोड्यावर बसताना घालायचं हेल्मेट डोक्याला घालून आली होती. पट्टासुद्धा हनुवटीखाली बांधलेला.

"काढीनाच," सुगंधा माझ्या कानाशी म्हणाली. "समजावून दमलो." मग तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. "उपकार झाले बाई. तुमच्यामुळं पोरगी वाचली माझी. आता जेवती बघा. सांगितलं तेवढं खाती. एक शब्द न बोलता खाती."

केतकीनं माझ्याकडं बघितलं नाही. शिवी दिली असती, रडली असती, तोंड फिरवलं असतं तरी मी काहीतरी बोलले असते. ती माझ्यातनं आरपार बघत होती. खुर्चीतनं बघितल्यावर तिला माझं पोटच दिसत असणार.

दस्तगीरनं मैनेला जवळ आणली आणि दोर केतकीच्या हातात दिला. घोडी आपणहून चढायच्या ओट्याला लागून उभी राहिली. तिला काय माहीत बैठका नि नियम? केतकी समोर आली म्हणजे केतकी पाठीवर येणार, एवढंच तिला ठाऊक. ती उभीच राहिली. वरातीची घोडी, माणूस चढल्याशिवाय हलायचं नाही, ही तिची जुनी सवय. दस्तगीरनं ओढली तरी हलेना.

"मैना, चल," केतकी म्हणाली. "मी न्हाई बसत आज."

डॉक्टर तोंड वळवून पडवीत गेल्या. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, अहो, बसवू या. पाच मिनिटं. आम्ही चौघं धरतो चारी बाजूंनी. काय आभाळ कोसळणार होतं? अजून आठवडा लोटला नव्हता तिला जेवायला लागून, घोडीही बरी नव्हती नीट, हे सगळं खरं. पण मी निदान म्हणायचं होतं. माझ्यासारखी फटकळ बाई, जिला आयुष्यात कुणाला काही बोलताना भीती वाटली नाही, ती हाताची घडी घालून उभी राहिली.

केतकीनं मैनेचं तोंड खाली ओढलं. कपाळावर कपाळ टेकवलं, हेल्मेटसकट. मग तिच्या कानाशी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जातो."

सुगंधानं माझ्याकडं बघितलं. दस्तगीरनं बघितलं. पडवीतली पोरंसुद्धा माझ्याकडं बघायला लागली, की आता बाई ओरडणार. कुठल्या तोंडानं सांगू तिला, की येतो म्हणावं?

रिक्षा गेली. दस्तगीर मैनेची पाठ चोळत होता. पाठीवर कुणी बसलंही नव्हतं, तरी चोळत होता.

"बाई," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला इच्यारायचं तरी. पोरगीनं एक शनिवार मागितला हुता म्हणं. सुगंधाताईनं सांगितलं. एक शनिवार मी चोर म्हणून राहिलो असतो की. काय झिजलो असतो?"

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. केतकी पुन्हा केंद्रावर आली नाही. मी पुढं खूप पोरांच्या बाजूनं चालले, गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत. खानावळ गावातच, रिक्षानं किती लांब? पण मी गेले नाही. आज जाईन, सणाला जाईन, तिचा राग निवल्यावर जाईन. माणूस स्वतःला किती छान फसवतं!

परवा गेले. पुतणीनं मला इंदूरला कायमचं बोलावलंय, सामानही बांधून झालंय. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

खानावळ आता दोन गाळ्यांची झाली आहे. समोर बटणावर चालणाऱ्या खुर्चीत केतकी. अंगानं चांगली भरलेली, कपाळाला ठसठशीत टिकली, आणि आवाज तोच. "अरं, चार नंबरला रस्सा वाढा! किती वेळ?" मला बघून ती थबकली.

"बाई! बसा. ताट लावा रे बाईंना."

मी जेवले. भाकरी संपायच्या आत दुसरी आली. सुगंधा येऊन बसली, पाठीवरनं हात फिरवून गेली. केतकी कामातच होती. हात धुऊन मी तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "मैना गेली. गेल्या वर्षी."

"ठावं हाय. चाचा येतात की. दर महिन्याला एक खेप असती त्यांची," ती म्हणाली. "तिला माती दिली तवा मी गेलतो. चाचांनी टेम्पो आणलेला, खुर्ची चढवायला."

मला कुणी कळवलं नव्हतं. कशाला कळवतील?

"केतकी," मी म्हणाले, "त्या वेळी तो शनिवार..."

"असू दे बाई," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी घरगुती आवाजात. "तुमचं बरोबरच हुतं. आईबी म्हणती, तुमचंच बरोबर हुतं." आणि तिनं पुढच्या टेबलाकडं बघितलं.

मी चपला घातल्या. पायरीशी वळले आणि जन्माच्या सवयीनं म्हणाले, "येतो गं."

केतकीनं मान वर केली. तेराव्या वर्षी बघायची तशी, सरळ.

"येणार असाल तरच म्हणा, बाई."

इंदूरचं मी बोलले नव्हते. आताही बोलवेना. पायरीवर उभी राहिले, पिशवी ह्या हातातनं त्या हातात घेतली.

"जातो गं," मी म्हणाले.

थोडी थांबले. वाटलं, ओरडेल आता, की जातो न्हाई, येतो म्हणावं. ती चार नंबरच्या गिऱ्हाइकाला रस्सा मिळाला का ते विचारत होती.